जपानमध्ये सहकाऱ्यांशी मैत्री कशी जुळते?

प्रश्न:
ओसाकामध्ये राहायला येऊन मला आठ महिने झाले. कार्यालयातील सहकारी अतिशय सौजन्याने वागतात आणि ‘एकदा जेवायला जाऊ’ असेही म्हणतात. परंतु तो दिवस काही उजाडत नाही. माझे काही चुकते आहे का?

पहिले उत्तर:
आपले काहीच चुकत नाही. ‘कोंदो’, म्हणजे ‘पुढे कधीतरी’, हा शब्द तिथे पुष्कळदा निरोपाचा भाग असतो, आमंत्रणाचा नव्हे. मनातले ते ‘होन्ने’ आणि चारचौघांत बोलायचे ते ‘तातेमाए’, हा भेद जपानी माणसे स्वतःच बोलून दाखवतात. तेव्हा वार, वेळ आणि ठिकाण आपणच सुचवावे, आणि समोरची व्यक्ती ‘चोत्तो...’, म्हणजे ‘जरा...’, एवढेच म्हणून थांबली, तर तो नकार समजून विषय तिथेच सोडावा.

दुसरे उत्तर:
माझ्या मते कार्यालयात मैत्री शोधणेच अवघड आहे. अनेक शहरांतील आंतरराष्ट्रीय विनिमय संस्था स्वयंसेवकांच्या मदतीने अल्प शुल्कात किंवा विनामूल्य जपानी भाषेचे वर्ग चालवतात. मला तिथे शिकवणाऱ्या निवृत्त बाईंनी आधी कचऱ्याचे वर्गीकरण समजावले, मग त्यांच्या वस्तीतील ‘चोनाइकाइ’च्या, म्हणजे रहिवासी मंडळाच्या, उन्हाळी उत्सवात मदतीला बोलावले, आणि तंबू उभारताना जेवढे बोलणे झाले तेवढे कार्यालयात वर्षभरात झाले नव्हते.

तिसरे उत्तर:
दोघांशीही सहमत आहे. फक्त ठरल्या वेळेच्या पाच मिनिटे आधी पोहोचा. आपली ‘निघालोच’ ही सबब तिथे चालत नाही.