कुलमुखत्याराने जबाबदारीतून मुक्त कसे व्हावे?

प्रश्न : परदेशात नोकरी करणाऱ्या माझ्या चुलतभावाने मिरज तालुक्यातील त्याच्या द्राक्षबागेच्या व्यवहारांसाठी मला नोंदणीकृत कुलमुखत्यारपत्र (त्याच्या वतीने व्यवहार करण्याचा लेखी अधिकार, पॉवर ऑफ अ‍ॅटर्नी) दिले आहे. प्रकृतीमुळे हे काम आता मला झेपत नाही. त्याच्या संमतीशिवाय मला ते सोडता येईल का?

उत्तर १ : होय. भारतीय करार अधिनियम, १८७२ च्या कलम २०१ नुसार मुखत्याराने काम सोडल्यास मुखत्यारी संपते. मात्र कलम २०६ प्रमाणे वाजवी मुदतीची सूचना द्यावी लागते आणि ती न दिल्याने मालकाचे नुकसान झाले, तर ते भरून द्यावे लागते. व्यापाऱ्याशी सौदा ठरून माल उतरवायचा असताना अचानक बाजूला होणे मला तरी योग्य वाटत नाही.

उत्तर २ : कलम २०७ नुसार वर्तनातूनही त्याग सूचित होऊ शकतो, तरीही लेखीच कळवा. पत्रात दस्त क्रमांक, नोंदणीचा दिनांक आणि कोणत्या तारखेपासून काम थांबवणार ते स्पष्ट लिहून पोच जपून ठेवा. मूळ कागदपत्रे, पासबुक आणि हिशेब परत करा. हिशेब मागितल्यास तो देणे कलम २१३ नुसार बंधनकारकच आहे.

प्रश्नकर्ता : बँकेलाही कळवावे लागेल का?

उत्तर २ : अवश्य. कलम २०८ प्रमाणे त्रयस्थांना समजेपर्यंत मुखत्यारी संपल्याचा परिणाम त्यांच्यापुरता होत नाही, म्हणून बँक, सोसायटी आणि नेहमीचे व्यापारी यांना प्रत द्या. दस्त नोंदणीकृत असल्याने भावाने दुय्यम निबंधक कार्यालयात रद्दलेखही (कुलमुखत्यारपत्र रद्द केल्याचा दस्त) नोंदवून घ्यावा.