गेटजवळच्या कडुनिंबावर कावळ्याचं घरटं, येणाऱ्याजाणाऱ्याच्या डोक्यावर झडप घालतात. काय करावं?

त्रिमूर्तीनगर_सोसायटी:
नमस्कार. आमच्या अपार्टमेंटच्या गेटला लागून मोठा कडुनिंब आहे. दुसऱ्या मजल्याच्या उंचीवर कावळ्याचं घरटं आहे आणि आठवडाभरापासून जोडी मागून येऊन डोक्यावर टोचून जाते. चौकीदार, पेपर टाकणारा मुलगा आणि गच्चीवर टाकी बघायला जाणारे यांना सगळ्यात जास्त त्रास. एका काकूंच्या टाळूला खरचटलं. मीटिंगमध्ये दोन सूचना आल्या: फांदी छाटा, नाहीतर बांबूने घरटं पाडा. यातलं काय बरं? आणि हे किती दिवस चालणार?

पिंपळपान:
भाऊ, दोन्ही करू नका. आधी दिवस मोजा.

कावळी साधारण १६-१७ दिवस अंडी उबवते, नंतर पिल्लं तीन ते चार आठवडे घरट्यात असतात. दुसऱ्या मजल्याच्या खिडकीतून, पडदा थोडा सरकवून, दुर्बिणीने अर्धा तास बघा. एक पक्षी बसूनच असेल तर अंडी आहेत. दोघंही चोचीत काही घेऊन सारखे ये-जा करत असतील तर पिल्लं आहेत. अंड्यांवर असताना कावळे बहुधा ओरडून थांबतात, पिल्लं मोठी होत जातात तशी झडप वाढते. तुमच्याकडे आठवडाभर टोचणं चालू आहे, म्हणजे बहुधा पिल्लं आहेत आणि अर्धा काळ उलटून गेला आहे. सगळ्यात कडक दिवस पिल्लं फांदीवर आणि जमिनीवर उतरतात तेव्हाचे, त्याची तयारी आत्ताच ठेवा.

घरटं पाडलं तर जोडी त्याच किंवा शेजारच्या झाडावर पुन्हा काड्या जमवायला लागते आणि मोजणी शून्यापासून सुरू होते. सहा आठवड्यांचा त्रास पार पावसाळ्यात जातो. शिवाय कावळे माणसाचा चेहरा लक्षात ठेवतात. अमेरिकेतल्या वॉशिंग्टन विद्यापीठात मुखवटे घालून तिथल्या कावळ्यांवर प्रयोग झाले, पकडणाऱ्याचा मुखवटा त्यांनी कित्येक वर्षं ओळखला. आपला गावकावळा त्याच कुळातला. बांबू ज्याच्या हातात असेल, त्याच्या मागे ते लागतील.

सिव्हिललाइन्स_वृक्ष:
कायद्याचं थोडक्यात. १९७२ च्या वन्यजीव कायद्यात कावळा पूर्वी उपद्रवी प्राण्यांच्या यादीत होता, म्हणून ‘कावळ्याला कायदा नाही’ असं लोक अजून म्हणतात. २०२२ च्या दुरुस्तीने ती यादीच काढून टाकली. पक्ष्यांची अंडी किंवा घरटं बिघडवणं हे त्या कायद्याच्या ‘शिकार’ या व्याख्येत बसतं. फांदीसाठी मनपाच्या उद्यान विभागाची परवानगी लागते. ती मिळाली तरी छाटणी पिल्लं उडून गेल्यावर करा. घरटं विजेच्या तारेवर किंवा खांबावर असेल तेव्हा मात्र हात लावू नका, महावितरणला कळवा. कावळे घरट्यात लोखंडी तारा वापरतात, त्यामुळे शॉर्टसर्किट होतं.

छत्री_वापरा:
गेटवरचा उपाय सांगतो. छत्री. चौकीदाराच्या खोलीत दोन-तीन जुन्या छत्र्या ठेवा, आत येणाऱ्याने उघडून घ्यायची, पुढे गेल्यावर तिथेच अडकवायची. कावळा समोरून क्वचितच येतो, पाठ फिरली की मागून येतो. छत्री असली की त्याला टाळू सापडत नाही. पेपरवाल्याचं हेल्मेट डोक्यावरच राहू द्या. दुपट्ट्याने ऊन अडतं, चोच अडत नाही.

पळू नका, हात किंवा काठी फिरवू नका, दगड तर नाहीच. हात वर गेला की तो हल्ला समजतो, आणि त्या गडबडीत माणूस पायरीवरून पडतो ते टोचण्यापेक्षा वाईट. त्याच्याकडे तोंड करून, बघत बघत, नेहमीच्या चालीने निघून जा. दुसरं गेट असेल तर महिनाभर तेच वापरा. नसेल तर कडुनिंबापासून शक्य तितकं दूर, समोरच्या भिंतीच्या कडेने वाट आखा आणि पाटी लावा: ‘वर घरटं आहे, छत्री घ्या, थांबू नका’. ऑस्ट्रेलियात मॅगपाय नावाचा पक्षी घरट्याच्या हंगामात अशीच झडप घालतो, तेव्हा तिथेही अशाच पाट्या लावतात.

गच्चीचं वेगळं आहे. खालून जाणाऱ्यापेक्षा घरट्याच्या बरोबरीने किंवा वर उभा असलेला माणूस त्यांना जास्त खुपतो. टाकीचं काम एकानेच, दिवसातून एकदा, छत्री घेऊन करावं. कुरडया-पापड त्या बाजूच्या कठड्याजवळ वाळत घालू नका, नाहीतर कावळे दिवसभर तिथेच.

काकूंची जखम साबणाने वाहत्या पाण्याखाली नीट धुवा. पक्ष्यांपासून रेबीज होत नाही, ती लस लागत नाही. धनुर्वाताचं इंजेक्शन कधी घेतलं होतं ते डॉक्टरांना सांगा. डोळ्याला लागलं तर मात्र त्याच दिवशी डॉक्टर.

त्रिमूर्तीनगर_सोसायटी:
आभारी आहे. छत्र्या आजच ठेवतो. पिल्लू खाली पार्किंगमध्ये उतरलं तर उचलायचं का?

पिंपळपान:
आधी वय ओळखा. अंगभर पिसं, आखूड शेपटी, फिकट निळसर डोळे आणि उघडल्यावर लाल तोंड दिसलं, तर ते उडायला शिकतंय. त्याला तसंच राहू द्या. आईबाप खाऊ घालतात, काही दिवसांत ते वर जातं. पार्किंगचा तो कोपरा दोरीने अडवा, कुत्रं-मांजर दूर ठेवा.

गाडीखाली येण्याची भीती असेल तरच हलवा आणि दोघांनी मिळून: एकाने उघडी छत्री धरायची, दुसऱ्याने जुना टॉवेल टाकून उचलायचं, त्याच झाडाच्या खालच्या फांदीवर किंवा कंपाउंडच्या भिंतीवर सावलीत ठेवून लगेच निघायचं. माणसाचा वास लागला की आई टाकून देते, हे खरं नाही.

अंगावर पिसं नसलेलं पिल्लू वादळाने पडलं, तर बुडाला भोकं असलेल्या टोपलीत सुकं गवत घालून ती त्याच झाडाला, सावलीत, मांजर पोचणार नाही इतक्या उंच बांधा. ड्रॉपरने पाणी किंवा दूध पाजू नका, ते श्वासनलिकेत जातं आणि पिल्लू गुदमरतं. उन्हाने तोंड उघडून धापा टाकत असेल तर फक्त सावली द्या. पंख लोंबतोय किंवा रक्त येतंय, तर हवेची भोकं पाडलेल्या खोक्यात ठेवून नागपुरातल्या सेमिनरी हिल्सच्या ट्रान्झिट ट्रीटमेंट सेंटरला (जखमी वन्यप्राणी-पक्ष्यांवर उपचार होतात तिथे) न्या, किंवा वनविभागाच्या १९२६ वर फोन करा.

फुटाळा_काठ:
गच्चीवर झडप घालणारा नेहमी कावळाच असतो असं नाही. ‘टिटीव-टिटीव’ ओरडत डोक्यावरून जाणारी टिटवी असेल तर ती बहुधा अंगाला लागत नाही, नुसतं घाबरवते. पण पाय जपून टाका: चारेक मातकट ठिपकेदार अंडी गिट्टीत उघड्यावर असतात आणि दिसतच नाहीत. भोवती चार विटा ठेवून खूण करा. उबवणं जवळपास चार आठवडे चालतं. पिल्लं निघाल्या निघाल्या चालू लागतात, पण कठडा त्यांना ओलांडता येत नाही, म्हणून त्या दिवसापासून सावलीला आडवी फळी आणि उथळ ताटलीत पाणी ठेवा.

घार असेल तर नुसत्या छत्रीवर भागवू नका. तिची नखं खोल जातात. पिल्लं उडेपर्यंत गच्चीवर हेल्मेट घालूनच जा.