'सेग्रिगेशन'ला मराठीत काय म्हणावं? आणि तिथे 'दाद' हा शब्द चालेल का?

1930 ते 60 च्या काळातल्या अमेरिकन जॅझ गायक-वादकांवरच्या एका लेखाचं भाषांतर करतेय आणि दोन शब्दांपाशी चार दिवस अडकलेय. पहिला सेग्रिगेशन, म्हणजे गोऱ्यांपासून कृष्णवर्णीयांना वेगळं ठेवण्याची तिकडची पद्धत. विलगीकरण लिहिलं की करोनाचा वॉर्ड डोळ्यापुढे येतो, पृथक्करण म्हणजे रसायनशास्त्राचा तास. वर्णभेद सगळेच लिहितात पण त्यातून कुणाला कुठल्या दाराने आत घेतलं, कुठे बसवलं हे काहीच दिसत नाही, शिवाय आपल्याकडे वर्ण म्हटलं की आधी चातुर्वर्ण्य आठवतं.

मला पंक्तिभेद सुचतोय. एकाच पंगतीत एकाच्या भातावर तुपाची धार आणि शेजारच्याला कोरडा भात, तो पंक्तिभेद. दुसऱ्या महायुद्धात कृष्णवर्णीय गायिका लीना हॉर्न छावणीत सैनिकांसाठी गायला गेल्या, बघतात तर पुढच्या रांगांत जर्मन युद्धकैदी आणि त्यांच्या मागे अमेरिकेचेच कृष्णवर्णीय सैनिक! शत्रूचा कैदी गोरा म्हणून पुढे, आणि ज्याने देशाचा गणवेश घातलाय तो मागे. त्या स्टेजवरून उतरल्या, कैद्यांना पाठीमागे टाकून सरळ त्या सैनिकांसमोर जाऊन गायल्या. याला मला दुसरा शब्दच सापडत नाही.

दुसरा शब्द दाद. लेखात सारखं येतं की गोऱ्या श्रोत्यांनी यांना भरभरून दाद दिली. न्यूयॉर्कच्या हार्लेम वस्तीतला कॉटन क्लब घ्या, ड्यूक एलिंग्टनचा बँड तिथे 1927 पासून वाजवत होता, स्टेजवर सगळे कृष्णवर्णीय आणि टेबलांवर सगळे गोरे, वस्ती कृष्णवर्णीयांची पण त्यांना गिऱ्हाईक म्हणून आत यायची सोय नाही. टाळ्या पडत होत्या हे खरंच आहे, पण 'दाद' लिहिताना हात अडखळतो. काय करू?

—

ताई, पंक्तिभेद फार सौम्य वाटतो. पंक्तिभेदात निदान पंगतीत बसू तरी देतात. तिकडे प्यायच्या पाण्याचे नळ वेगळे, संडास वेगळे, बसमधल्या जागा वेगळ्या, पोहायच्या तलावात उतरू देत नव्हते. हा सरळसरळ विटाळ झाला. कॉटन क्लबचं जे 1927 साल तुम्ही सांगताय त्याच साली बाबासाहेब महाडला चवदार तळ्यावर पाणी प्यायला गेले होते. आणि जोतीरावांनी 1873 ला 'गुलामगिरी' अर्पण कुणाला केली, तर अमेरिकेत गुलामांना मुक्त करणाऱ्या लोकांना. तिकडचं दुःख इकडच्या शब्दांत सांगायची वाट दीडशे वर्षं जुनी आहे, मग अस्पृश्यता लिहायला काय हरकत आहे?

—

लेखात 'जिम क्रो' हा शब्द येईलच, तो मात्र भाषांतरात तसाच ठेवा पण एक वाक्य खुलासा द्या. टॉमस राइस नावाचा गोरा नट 1830 च्या सुमाराला तोंडाला काळं फासून कृष्णवर्णीयांची नक्कल करत गायचा नाचायचा, त्या पात्राचं नाव जिम क्रो. पुढे कृष्णवर्णीयांना वेगळं ठेवणाऱ्या कायद्यांना तेच नाव चिकटलं. म्हणजे गोऱ्या प्रेक्षकांच्या करमणुकीतलं नाव थेट कायद्याला. माझ्या मते हे लेखात यायलाच हवं.

—

दादा, नळांचा आणि तलावांचा मुद्दा पटला, तिथे विटाळच आहे. पण विटाळाने सगळं उलगडत नाही हो. गोऱ्यांच्याच घरांत स्वयंपाक कृष्णवर्णीय बाई करायची, गोरं मूल तिच्याच कडेवर वाढायचं, तेव्हा स्पर्श चालत होता. चालत नव्हतं ते बरोबरीने उभं राहणं. कृष्णवर्णीय गायिका बिली हॉलिडे 1938 मध्ये आर्टी शॉ या गोऱ्या वादकाच्या बँडबरोबर न्यूयॉर्कच्या हॉटेलात गात होत्या, लोक त्यांना ऐकायलाच येत होते आणि त्यांना मात्र सामानाच्या लिफ्टने ये-जा करायला सांगितलं. त्याच्या आदल्या वर्षी डेट्रॉइटला, तेव्हाच्या कृष्णवर्णीय बँडमधल्या बाकी वादकांच्या मानाने त्या उजळ दिसतात, लांबून कुणाला गोरी बाई वाटेल म्हणून त्यांना चेहऱ्याला गडद रंग लावायला लावला!! जिचा आवाज ऐकायला हॉल भरलाय तिच्या तोंडाला काळं फासायचं. आपल्याकडे तोंडाला काळं फासणं म्हणजे काय ते वेगळं सांगायला नको.

म्हणून आता मी दोन शब्द धरतेय. श्रोत्यांना दारातच अडवलं तिथे 'मज्जाव' आणि कलावंताला आत घेऊन खालचं ठेवलं तिथे 'पंक्तिभेद'. लुई आर्मस्ट्राँग 1931 ला आपल्याच गावी, न्यू ऑर्लिन्सला, परत आले तेव्हा दोन्ही एकाच रात्री झालं. क्लब फक्त गोऱ्यांचा, गावातले कृष्णवर्णीय लोक बाहेर नदीच्या बांधाजवळ उभे, खिडकीतून येईल तेवढं ऐकायला, हा मज्जाव. आणि आत रेडिओच्या गोऱ्या निवेदकाने ऐन वेळी यांचं नाव पुकारायला नकार दिला तेव्हा आर्मस्ट्राँगनी स्वतःच माइक घेऊन स्वतःची ओळख करून दिली, तो पंक्तिभेद.

—

दाद हा फारसी शब्द आहे, मूळ अर्थ न्याय. कोर्टात 'दाद मागतो' ती हीच, 'दाद ना फिर्याद' मधली पण हीच. गाण्याला दाद म्हणजे त्या गाण्याला त्याचा न्याय देणं, टाळ्या नुसत्या हाताच्या. तुमचा हात अडखळतोय तो बरोबरच अडखळतोय.

—

काका, मनापासून आभार, हे माहीतच नव्हतं आणि माझा प्रश्नच सुटला. 1955 चं ह्यूस्टन आता नीट लिहिता येईल. जॅझ कार्यक्रमांचे आयोजक नॉर्मन ग्रान्झ यांनी तिथल्या कार्यक्रमात गोरे-काळे एकत्र बसतील असं ठरवलं, संडासांवरच्या वेगवेगळ्या पाट्या काढायला लावल्या, तर पोलीस थेट ड्रेसिंग रूममध्ये घुसले आणि फासे खेळत होते या कारणावरून वादक डिझी गिलेस्पी, इलिनॉय जॅके आणि गायिका एला फिट्झजेराल्ड यांना पकडून नेलं. एला तर खेळतही नव्हत्या, कॉफी पीत बसल्या होत्या. आणि चौकीत नेल्यावर त्याच पोलिसांनी त्यांच्याकडे ऑटोग्राफ मागितला.

एप्रिल 1956, बर्मिंगहॅम, अलाबामा याचाही परिच्छेद बदलला. कृष्णवर्णीय गायक नॅट किंग कोल फक्त गोऱ्यांसाठी ठेवलेल्या खेळात गात असताना काही गोरे स्टेजवर चढले, कोलना खाली पाडलं, त्यांची पाठ दुखावली. थोड्या वेळाने ते परत बाहेर आले, आता गाणं जमणार नाही एवढं सांगायला. सगळा हॉल उठून बराच वेळ टाळ्या वाजवत होता. त्यातले बरेच जण खरोखर हळहळले असतील, ते मी नाकारत नाही. पण त्या हॉलमध्ये बसायला मिळालं तेच गोरे होते म्हणून. तिथे मी आधी 'दाद दिली' लिहिलं होतं, ते खोडून 'टाळ्या वाजवल्या' केलंय.