दशांश, दशमांश की नुसते दान?

म्हापसा: एका साप्ताहिकासाठी ख्रिस्ती लोकांच्या दानधर्मावरचा इंग्रजी लेख मराठीत करते आहे. 'टाइथ'ला, म्हणजे देवासाठी काढायच्या उत्पन्नाच्या दहाव्या हिश्श्याला, काय लिहू? मी 'दशांश' लिहिले तर संपादक म्हणतात, वाचकाला गणिताचा तास आठवेल. 'दान' लिहावे तर लेखातला मुद्दाच बुडतो. लेखक ठासून सांगतो की टाइथ हे दान नव्हेच, ते देणे आहे. दान त्याच्यापुढे सुरू होते.

फोंडा: दशमांश लिहा. मराठी बायबलाचा तोच शब्द आहे. संपादकांचे म्हणणे बरोबर, शाळेतल्या दशांश चिन्हाने त्या शब्दाची जागा अडवून ठेवली आहे. पण आपल्या धर्मव्यवहारात तो होताच. पुरश्चरणात, म्हणजे मंत्रजपाच्या अनुष्ठानात, जपाच्या दशांश हवन, हवनाच्या दशांश तर्पण, तर्पणाच्या दशांश मार्जन. लाख जप झाला की दहा हजार आहुती, हजार तर्पणे. कुठल्याही भटजींना विचारा, तोंडपाठ सांगतील. फरक एवढाच की तिथे दहावा भाग संख्येचा निघतो, धान्याचा किंवा पैशाचा नाही. पैशाचा दहावा हिस्सा म्हणाल तर मराठी माणसाला तो सरदेशमुखीतून ठाऊक आहे. पण ती वसुली, तिथे भक्तीचा प्रश्नच नव्हता.

वास्को: मी मूळची नगरकडची, आमची मंडळी प्रोटेस्टंट. आमच्याकडे 'दशमांश आणि अर्पणे' असे जोडीनेच बोलतात. म्हणजे तुमच्या लेखकाचा भेद मराठीत तयार आहे: दशमांश ठरलेला, अर्पण त्यावरचे. ही जोडी बायबलातल्या मलाखीच्या पुस्तकाच्या तिसऱ्या अध्यायातली. माझे सर्व दशमांश भांडारात आणा आणि मग आकाशकपाटे उघडतात की नाही ते पाहा, असे देव तिथे म्हणतो. यावर उपदेश ऐकला नाही असा प्रोटेस्टंट विरळा. वाद कुठे होतो माहीत आहे? दहावा हिस्सा एकूण पगाराचा की प्रॉव्हिडंट फंड आणि कर कापून हातात येणाऱ्या रकमेचा. जेवणाच्या पानावरून सख्खे भाऊ यावर भांडताना पाहिले आहेत. आणि दोघेही देतात, हे विशेष.

मडगाव: बाय, एक सांगतो. लेखात गोव्यातल्या कॅथलिकांचा उल्लेख असेल तर तिथे दशमांश घालू नका. आमच्याकडे दहा टक्के कोणी मागत नाही. मिसाच्या वेळी पिशवी फिरते, ज्याला जे जमेल ते टाकतो. फेस्ताचा, म्हणजे चर्चच्या सणाचा, खर्च निराळा, छपराची कौले बदलायची तर त्याची वर्गणी निराळी. 1983 च्या चर्चच्या कायद्यात 222 वे कलम आहे. चर्चच्या गरजा भागवणे हे श्रद्धावंतांचे कर्तव्य, असे ते सांगते. आकडा नाही.

पूर्वी होता, तोही सक्तीचा. 585 साली फ्रान्समधल्या माकोंच्या धर्मसभेने दशमांश न देणाऱ्याला बहिष्काराची धमकी दिली, 779 मध्ये फ्रँकांचा राजा शार्लमेन याने त्याला राजाच्या कायद्याचे बळ दिले. पुढे फ्रान्सने तो 1789 मध्ये काढला, पोर्तुगालने 1832 मध्ये. पाद्रोआदोच्या, म्हणजे पोपने पोर्तुगालच्या राजाला दिलेल्या चर्चवरच्या अधिकाराच्या, काळात समुद्रापारच्या मुलखांतला हा 'दिझिमु' पोर्तुगालच्या राजाच्या नावाने गोळा व्हायचा आणि त्यातून पाद्रींचा, चर्चचा खर्च राजाने चालवायचा अशी व्यवस्था होती. त्या काळाबद्दल लिहिताना 'दिझिमु हा कर' असेच लिहा. दशमांश म्हटले की त्याला उगीच सोवळे नेसवल्यासारखे होते.

फोंडा: कराचा मुद्दा पटला. उलटा प्रवासही बघा. जकात हे मुळात मुसलमानांचे धर्मदान, मराठीत तो नाक्यावर भरायचा कर झाला.

डिचोली: मला सगळ्यात गंमत वाटली ती बायबलातल्या 'अनुवाद' नावाच्या पुस्तकाच्या चौदाव्या अध्यायाची. तिथे दशमांश आहे धान्याचा, द्राक्षारसाचा, तेलाचा. देवाने निवडलेली जागा लांब असेल तर तो विकून पैसे गाठीला बांधायचे, तिथे जाऊन मनाला येईल ते घ्यायचे आणि घरच्या माणसांसह आनंदाने खायचे! लेव्याला, म्हणजे मंदिराची सेवा करणाऱ्या वंशातल्या माणसाला, विसरायचे नाही, एवढी अट. ही तर आपली समाराधनाच झाली. मात्र दर तिसऱ्या वर्षीचा दशमांश आपल्याच गावात ठेवायचा, लेवी, उपरा, अनाथ आणि विधवा यांच्यासाठी. पगाराच्या दहा टक्क्यांवर बोलणारे हा अध्याय फारसा काढत नाहीत.

वास्को: काढतात हो, सोयीने काढतात. पण येशूने दशमांश मोडीत काढला असेही नाही. मत्तयाच्या 23 व्या अध्यायात तो परूश्यांना, म्हणजे धर्मनियम काटेकोर पाळणाऱ्या यहुदी पंथाच्या लोकांना, सुनावतो: पुदिना, शेप, जिरे यांचा दशमांश मोजून देता आणि न्याय, दया, विश्वास सोडून देता, हे करायचे होते, तेही सोडायचे नव्हते. आमचे पाळक इथे थांबतात. दुसरी बाजू प्रेषित पौलाच्या पत्राचा आधार घेते: प्रत्येकाने मनात ठरवले तसे द्यावे, कुरकुरत नको, भाग पडले म्हणूनही नको.

मडगाव: आणि मंदिराच्या भांडारात दमडी टाकणारी विधवा? तिने शंभर टक्के टाकले. तिचा हिशेब कुठल्या शब्दात बसवणार?

डिचोली: तिथे मात्र दान. बिनशर्त.

म्हापसा: मग असे करते. बायबलमधली आणि प्रोटेस्टंट मंडळींची वाक्ये 'दशमांश', पोर्तुगीज काळासाठी 'दिझिमु हा कर', कॅथलिक चर्चमधल्या पिशवीला 'अर्पण'. 'फंडपेटी' घालावी असे एकदा वाटले होते, पण ती वाचली की आपल्याकडे देऊळच डोळ्यांसमोर येते. आता एकच अडले आहे. ठरलेल्या हिश्श्यावर आपणहून दिलेल्याला 'खुशीचे अर्पण' चालेल ना?

फोंडा: 'स्वखुशीचे' करा. 'खुशीचे काय ते द्या' हे वाक्य आपण कुठल्या कुठल्या कचेऱ्यांत ऐकतो ते वाचकालाही ठाऊक आहे.