गाडीसाठी सिंथेटिक (कृत्रिमरीत्या बनवलेलं) इंजिन ऑइल स्वस्तात कुठलं घ्यावं आणि किती किमीला बदलावं?

नाशिककर: मंडळी, माझी स्विफ्ट पेट्रोल आहे, वॉरंटी संपलीय. रोज घर ते ऑफिस 4 किमी, महिन्यातून एखादी मुंबई. मेकॅनिक म्हणतो महागातलं फुल्ली सिंथेटिक टाका, मग 20 हजार किमीपर्यंत बघायची गरज नाही. खरंय का? बजेट कमी आहे.

गॅरेजवाला: 20 हजार अजिबात नको दादा. मारुतीच 10 हजार किमी किंवा 1 वर्ष, जे आधी होईल ते सांगते. आणि तुमचं रनिंग 4 किमीचं, इंजिन नीट तापतच नाही, त्यामुळे आत जमणारा ओलावा आणि पेट्रोलचा अंश उडून जात नाही, ऑइलमध्येच राहतो. म्हणून किमी भरले नाहीत तरी वर्षाला बदलाच, फिल्टरसकट.

पुणेरी_ड्रायव्हर: +1. ब्रँडपेक्षा डब्याची मागची बाजू वाचा. मॅन्युअलमध्ये दिलेला ग्रेड (ऑइल किती पातळ-घट्ट ते सांगणारा आकडा), म्हणजे 0डब्ल्यू-20 असेल तर तोच, आणि एपीआय एसपी (ऑइलच्या दर्जाची खूण) लिहिलेलं. एवढं जुळलं की इंडियन ऑइलचं सर्वो किंवा भारत पेट्रोलियमचं मॅक पण बिनधास्त टाका, महागड्या डब्याचा हट्ट कशाला. फक्त पंपावरून किंवा अधिकृत डीलरकडून घ्या, सील बघून, डुप्लिकेट माल फार आहे.

नाशिककर: धन्यवाद! ऑइल काळं पडलं की लगेच बदलायचं का?

गॅरेजवाला: नाही हो, काजळी धरून ठेवणं हे त्याचं कामच आहे, रंगावर जाऊ नका. महिन्यातून एकदा सपाट जागी, इंजिन गार असताना डिपस्टिक (ऑइल मोजायची पट्टी) पुसून, परत घालून लेव्हल बघा, दोन खुणांच्या मध्ये हवी.