अक्कलदाढ काढलीय, लवकर लागू पडणारी गोळी कोणती?

काल लातूरला आईची अक्कलदाढ काढली, हिरडी कापून टाके घातलेत. भूल उतरली आन् रात्रीपासून लई दुखायलंय, गाल धरून बसलीय, गार पेज पण गिळवंना. डॉक्टरांनी आयबुप्रोफेन ४०० दिलीय पण फरक पडायला लई वेळ लागायलाय, काय करावं?

परभणीकर: मी मेडिकलवर असतो दादा. साधी आयबुप्रोफेन पाण्यात नीट विरघळत नाही म्हणून रक्तात उतरायला वेळ घेते, तीच लायसिन किंवा सोडियम क्षाराची (म्हणजे पाण्यात लवकर विरघळणाऱ्या रूपातली) नाहीतर लिक्विड भरलेली कॅप्सूल असली की लवकर चढते. डायक्लोफेनॅक या दुसऱ्या दुखण्यावरच्या गोळीचं पण तसंच, पोटॅशियमवाली लवकर, सोडियमची आवरणवाली गोळी आतड्यात गेल्यावर विरघळते म्हणून उशीर. पण आयबुप्रोफेनवर डायक्लोफेनॅक अजिबात देऊ नका, पोट आन् किडनीला त्रास होतो.

नांदेडची ताई: मला आयबुप्रोफेनसोबत पॅरासिटामॉल दिली होती, ही जोडी एकट्या गोळीपेक्षा चांगली लागू पडते. आन् पहिला डोस भूल उतरायच्या आधीच घ्यायचा असतो. आईला बीपी, अल्सर, किडनीचं काही आहे का? रक्त पातळ करायची गोळी? असंल तर आधी डॉक्टरांना विचारा.

लातूरकर: बीपीची गोळी चालू आहे ताई, मी डॉक्टरांना सांगितलंच नव्हतं. आत्ताच लावतो फोन.