विद्यापीठातून स्टार्टअपमध्ये जाताना परतीची वाट कशी राखावी?

प्रश्न:
मी विद्यापीठात पोस्टडॉक, म्हणजे पीएच.डी.नंतर ठरावीक मुदतीसाठी नेमलेला संशोधक, आहे. आमच्या प्रयोगशाळेत विकसित झालेल्या संवेदकाच्या (सेन्सरच्या) आधारे दोन सहकारी कंपनी स्थापन करत असून त्यांनी मलाही बोलावले आहे. काम मनापासून आवडते. परंतु काही वर्षांनी अध्यापनाकडे परतावेसे वाटल्यास मधल्या काळात शोधनिबंध नसणे आड येईल का? जाण्यापूर्वी काय ठरवून घ्यावे?

प्रतिसाद १:
हे विषयावर अवलंबून आहे. संगणकशास्त्रात उद्योगातील अनुभवाला मान मिळतो, मूलभूत विज्ञानात मात्र निबंधांतील खंड अधिक खुपतो. कॅलिफोर्निया विद्यापीठात, बर्कलीमध्ये, २००९ साली सुरू झालेला स्पार्क हा प्रचंड डेटावर प्रक्रिया करणाऱ्या सॉफ्टवेअरचा प्रकल्प मुक्तस्रोत होता, म्हणजे त्याचा कोड सर्वांना खुला होता. २०१३ मध्ये त्यातून डेटाब्रिक्स ही कंपनी उभी राहिली, तरी संस्थापकांपैकी आयन स्टोइका प्राध्यापक राहिले. कामाचा काही भाग उघडपणे प्रसिद्ध करता येईल, अशी अट करारात आधीच घालून घ्या.

प्रतिसाद २:
मला त्याहून महत्त्वाचा वाटतो तो मालकीचा प्रश्न. प्रयोगशाळेतील शोधाचे हक्क बहुधा विद्यापीठाकडे असतात आणि कंपनीला परवाना घ्यावा लागतो. गूगलच्या शोधयंत्रामागील पेजरँक या पानांची क्रमवारी लावणाऱ्या पद्धतीचे पेटंट स्टॅनफर्ड विद्यापीठाचे होते. त्या परवान्याच्या बदल्यात मिळालेले गूगलचे समभाग विद्यापीठाने २००५ पर्यंत सुमारे ३३.६ कोटी डॉलरना विकले. दुसरे असे की, अमेरिकेत स्वतःचा शोध प्रसिद्ध केल्यानंतरही पेटंटच्या अर्जासाठी एक वर्षाची मुदत मिळते, पण युरोपात अशी सर्वसाधारण सवलत नाही. त्यामुळे परिषदेतले भित्तिपत्रक किंवा सर्वांना खुला झालेला प्रबंधसुद्धा तेथील हक्क घालवू शकतो. आधी अर्ज, मग निबंध, हा क्रम सोडू नका, आणि संवेदकाबद्दल आजवर काय काय जाहीर झाले आहे ते आत्ताच तपासा.

प्रतिसाद ३:
बिनपगारी रजेची सोय सहसा कायम प्राध्यापकांसाठी असते, मुदतीच्या नेमणुकीवरील पोस्टडॉकला ती क्वचितच मिळते. म्हणून मानद किंवा अभ्यागत संशोधक म्हणून संलग्नता मागा. ग्रंथालय, उपकरणे आणि सहलेखन त्यामुळे सुटत नाही.

मार्गदर्शक स्वतः कंपनीत भागीदार असतील, तर त्यांच्या विद्यार्थ्यांकडून कंपनीची कामे करून घेतली जाणार नाहीत, हे लेखी ठरवण्याचा आग्रह धरा. हर्बर्ट बॉयर यांनी प्राध्यापकपदावर असताना १९७६ मध्ये जेनेन्टेक या जैवतंत्रज्ञान कंपनीची सहस्थापना केली, तेव्हा सहकाऱ्यांनी त्यांच्यावर कडक टीका केली होती. विद्यार्थ्याचा प्रबंध कंपनीच्या गोपनीयतेपायी अडकून पडणे हा मला यातला सर्वांत मोठा अन्याय वाटतो.

प्रश्नकर्ता:
मनःपूर्वक आभार. सहकाऱ्यांना होकार देण्यापूर्वी विद्यापीठाच्या तंत्रज्ञान हस्तांतरण कक्षाची (पेटंट आणि परवाने पाहणाऱ्या विभागाची) भेट घेतो. संवेदकावरील आमचा एक निबंध सध्या परीक्षणासाठी गेलेला आहे, त्याचा विषय तिथे सर्वांत आधी काढेन.